गवताळ मुलखातला लाकडाचा गंध

सप्टेंबर लागला की उत्तर अमेरिकेतल्या सुगंधांच्या दुकानांत एक सल्ला हमखास मिळतो. लिंबू-संत्र्याचे, फुलांचे हलके सुगंध आता कपाटात ठेवा आणि चंदन, सीडर, ऊद असे लाकडी सुगंध बाहेर काढा. हा सल्ला विक्रीच्या सोयीसाठी रचला आहे, ऋतू बदलला की नवी बाटली खपली पाहिजे म्हणून कोणीतरी ही टूम काढली आहे, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. उन्हाळा सरताना लाकडाच्या वासाकडे वळण्याची चाल दुकानांच्या, जाहिरातींच्या आणि पॅरिसच्या अत्तरवाल्यांच्याही आधीची आहे. थंडी येण्याआधी माणूस झाडीच्या आसऱ्याला जातो, सरपण साठवतो, घरात धूर करतो, अंगाला तेल आणि उटणे लावतो. ही चाल त्या कामांतून आलेली आहे आणि तिचा पुरावा कॅनडातल्या सस्काटून या गावाच्या इतिहासात फार स्वच्छ मिळतो. हे गाव दाट अरण्यात वसलेले असते तर लाकडाचा वास तिथे बारमाही असता आणि ऋतूशी त्याचे नाते दिसलेच नसते. सस्काटून गवताळ मुलखात आहे. तिथे लाकूड विरळ, म्हणून त्याच्या वासाला वेळ आणि जागा ठरलेली.

सस्काटून ५२ अक्षांशावर, दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. जुलैतल्या दुपारी पारा पंचवीस अंशांच्या पुढे जातो, जानेवारीत तो शून्याखाली पंधराच्या आसपास राहतो आणि १ फेब्रुवारी १८९३ रोजी तो उणे ५० पर्यंत उतरल्याची नोंद आहे. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. एवढ्या पाण्यावर गवत माजते, अरण्य वाढत नाही. झाडे मिळतात ती नदीच्या खोऱ्यात, ओहोळांच्या घळींत आणि गावाच्या उत्तरेला जिथे गवताळ प्रदेश विरत जाऊन अ‍ॅस्पेनची झाडी सुरू होते तिथे. या झाडीत वाळुंजाच्या कुळातले विलो आहेत, बाल्सम पॉप्लर आहे, आणि ज्या फळावरून गावाला नाव मिळाले ते सस्काटूनचे झुडूपही आहे. त्याच्या कठीण, सरळ फांद्यांचे बाण करत. यांतल्या बाल्सम पॉप्लरकडे जरा जवळून पाहावे. पाने पिवळी पडून गळू लागतात तेव्हा पुढच्या वसंतातल्या पानांच्या कळ्या फांदीवर आधीच तयार असतात. टोकदार, तांबूस, राळेने माखलेल्या. एक कळी बोटांत चुरडली की पिवळसर चिकट राळ बोटाला लागते आणि गोडसर, किंचित औषधी, धुपासारखा वास येतो. हात धुतला तरी तो लवकर जात नाही. या मुलखातल्या शरदाचा लाकडी गंध बाटलीत शोधण्याआधी या फांदीवर शोधावा.

आता माणसांकडे येऊ. सस्काटूनच्या उत्तरेला लागूनच वानुस्केविन नावाची जागा आहे. ओपिमिहॉ ओढ्याच्या या घळीत सहा हजारांहून अधिक वर्षांच्या मानवी वस्तीचे आणि बायसनच्या शिकारीचे अवशेष सापडले आहेत. १९९२ मध्ये तिथे वारसा उद्यान उघडले आणि २०१७ मध्ये जागतिक वारशासाठीच्या कॅनडाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. मैदानी जमातींचे वर्षचक्र बायसनच्या मागे चाले. उन्हाळ्यात मोकळ्या गवतावर मोठे कळप आणि मोठे तळ असत. थंडीची चाहूल लागली की बायसन वाऱ्यापासून बचाव करायला घळींत आणि झाडीत शिरत आणि माणसेही त्यांच्या मागोमाग लाकूड, पाणी आणि आडोसा असलेल्या जागी येत. गवतावर जळणासाठी बायसनचे वाळलेले शेण वापरत, झाडीत आले की लाकूड पेटे. पुढे क्री आणि फ्रेंच-स्कॉटिश रक्ताच्या मेटी लोकांनीही हीच रीत धरली. सस्काटूनच्या दक्षिणेला राउंड प्रेअरी येथे त्यांची हिवाळी वस्ती होती. उन्हाळा गवतावर आणि हिवाळा झाडीत काढणाऱ्या माणसाला लाकडाच्या धुराचा, सालीचा, राळेचा वास नेमका कधी येत असेल? उन्हाळा संपताना, हिवाळ्याच्या मुक्कामी पोचल्यावर. गंधाची आठवण प्रसंगाशी बांधली जाते, हे मानसशास्त्राने मान्य केलेले आहे. हजारो वर्षे हाच प्रसंग दरवर्षी त्याच वेळी घडत असेल तर लाकडाचा वास आणि शरद यांची गाठ पडण्यासाठी दुकानदाराची गरज पडत नाही.

या लोकांनी सुवासिक वनस्पतींचा उपयोग जाणीवपूर्वक केला, याचाही पुरावा भक्कम आहे. रानटी सेज, स्वीटग्रास नावाचे गोड वासाचे गवत, सीडरची पाने आणि तंबाखू ही त्यांची पवित्र औषधे. शेणीवर किंवा शिंपल्यात ती धुमसवून तो धूर हातांनी डोक्यावरून, छातीवरून ओढून घ्यायचा. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला वावडिंग, ओवा, बाळंतशेपा, ऊद यांची धुरी देतात, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट सीडरची. हे झाड सस्कॅचेवानच्या मैदानात उगवत नाही, त्याची पाने लांबून, देवाणघेवाणीतून येत. आपल्या मुलखात नसलेले सुवासिक लाकूड मुद्दाम मिळवण्याची हौस म्हणजे पॅरिसची मिरास नव्हे, हे त्यावरून दिसते. आणखी एक पुरावा फारसा कोणाला माहीत नसलेला. उत्तरेच्या जुन्या विलोंच्या खोडावर हाप्लोपोरस ओडोरस नावाची एक अळंबी वाढते. तिला बडीशेपेसारखा तीव्र, गोड वास असतो. मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक रॉबर्ट ब्लँशेट यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की उत्तरेच्या मैदानी जमाती ही अळंबी पवित्र वस्त्रांवर आणि माळांत गुंफत. संग्रहालयांतल्या शंभर-दीडशे वर्षांच्या वस्तूंवर ती आजही आहे. लाकडावर पोसलेला गंध अंगावर बाळगणे याला आपण सुगंध लावणे म्हणतो. कुपी नव्हती एवढाच फरक.

या मुलखाचा गंध जगाच्या बाजारात गेला तो एका प्राण्याच्या अंगातून. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीने १७७४ मध्ये सस्कॅचेवान नदीवर कंबरलँड हाउस हे पश्चिमेच्या आतल्या भागातले आपले पहिले ठाणे उभारले. कंपनीला हवी होती बीव्हरची कातडी, युरोपातल्या टोप्यांसाठी. परंतु कातड्यांबरोबर आणखी एक माल लंडनच्या लिलावात जात असे, तो म्हणजे कॅस्टोरियम. बीव्हरच्या शेपटीखाली नासपतीच्या आकाराच्या दोन पिशव्या असतात. त्यांतल्या स्रावाने तो आपल्या हद्दीच्या खुणा करतो. पिशव्या वाळवल्या की आत तपकिरी, चिवट, राळेसारखा पदार्थ मिळतो आणि त्याला कमावलेल्या कातड्याचा, धुराचा, भिजलेल्या सालीचा वास येतो. हा वास कुठून आला? बीव्हर हिवाळ्यासाठी पाण्याखाली फांद्यांचा साठा करतो, विलो आणि पॉप्लर यांच्या साली खातो आणि त्या सालींतली फिनॉलवर्गी द्रव्ये त्याच्या पिशव्यांत साठतात. विलोच्या सालीतले वेदनाशामक द्रव्यही त्यात असते, म्हणून कॅस्टोरियम आधी शतकानुशतके औषध म्हणून विकले गेले. पुढे अत्तरवाल्यांनी ते कातडी आणि लाकडी वळणाच्या सुगंधांचा तळ बांधण्यासाठी घेतले. थोडक्यात, अशा जुन्या सुगंधांना जी शरदाची ऊब असे, ती उत्तरेतल्या नदीकाठच्या विलो-पॉप्लरच्या सालीतून आलेली होती. आज बहुतेक ठिकाणी तो पदार्थ रसायनशाळेत जुळवून करतात आणि ते योग्यच आहे.

या कथेतला आणखी एक धागा पॅरिसला पोचतो. स्वीटग्रासला गोड वास देणारे द्रव्य म्हणजे कुमारिन. १८६८ मध्ये विल्यम पर्किन यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या पेढीने त्याचा उपयोग करून 'फुजेर रोयाल' हा सुगंध काढला. आधुनिक अत्तरविद्येचा आरंभ त्याच्यापासून मोजतात. त्याच वर्षी टोरांटोच्या दारूबंदीवादी वसाहत संस्थेचे जॉन लेक सस्कॅचेवानच्या काठी जागा शोधत आले आणि डकोटा जमातीचे प्रमुख व्हाइटकॅप यांच्या सल्ल्याने त्यांनी गावाची जागा ठरवली. जे द्रव्य युरोपात नव्या युगाची सुरुवात ठरत होते ते असलेले गवत या काठावर वेणीसारखे गुंफून जपले जात होते. मात्र पुढच्या काही वर्षांत सरकारने त्या गवताच्या धन्यांवरच बंधने घातली. १८९५ मध्ये कॅनडाच्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती होऊन मैदानी जमातींचे मोठे विधी गुन्हा ठरले आणि ते कलम १९५१ पर्यंत टिकले. धुरीचा वास घराघरांतून, लपूनछपून जिवंत राहिला. आता सस्कॅचेवान विद्यापीठात २०१६ पासून गॉर्डन ओक्स रेड बेअर केंद्राची वास्तू उभी आहे. डग्लस कार्डिनल यांनी रचलेल्या त्या वास्तूत अशा विधींना हक्काची जागा आहे. सुगंधाचा इतिहास लिहिताना हा अन्याय वगळला तर तो इतिहास अर्धाच राहील.

गोऱ्या वसाहतवाल्यांकडे पाहिले तरी हाच निष्कर्ष निघतो. १८८३ पासून लोक इथे येऊ लागले, १८९० मध्ये रेल्वे आली, १९०६ मध्ये सस्काटून शहर झाले. ऑन्टारिओच्या झाडीतून किंवा इंग्लंडहून आलेल्या माणसाला इथे सर्वांत जास्त जाणवे ती झाडांची उणीव. गवताच्या ढेपांची घरे बांधावी लागत, जळणासाठी मैलोन्‌मैल जावे लागे. ती उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने १९१३ मध्ये सस्काटूनजवळ सदरलँड येथे वनरोपवाटिका सुरू केली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथून उत्तरेकडच्या मैदानांतल्या शेतकऱ्यांना कोट्यवधी रोपे गेली, शेतांभोवती वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. ती जागा आता उद्यान आणि प्राणिसंग्रहालय असून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. शहरातल्या जुन्या रस्त्यांवरचे एल्म, अंगणांतले स्प्रूस, सारी लावलेली झाडे आहेत. एल्मचीच गोष्ट घ्या. डच एल्म रोग पसरू नये म्हणून सस्कॅचेवानमध्ये १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात एल्मची छाटणी करायला बंदी आहे, एल्मचे लाकूड सरपण म्हणून साठवणे किंवा हलवणेही बेकायदा आहे. म्हणजे एल्मवर करवत चालायची ती सप्टेंबरपासून. ताज्या भुशाचा वास या शहरात कोणत्या महिन्यात येणार, हे आता कायद्यानेही शरदाशी बांधले आहे. लाकडाचा गंध माणसाच्या कामाच्या वेळापत्रकातून ऋतूला चिकटतो, याला यापेक्षा सरळ उदाहरण सापडणे कठीण.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप अर्थातच बाजाराचा. टोरांटोच्या ईटन्स कंपनीचा मालाचा कॅटलॉग १८८४ पासून निघे. १९०५ मध्ये विनिपेगला दुकान काढल्यावर मैदानी प्रांतांसाठी वेगळी आवृत्ती निघू लागली. वर्षाला दोन मोठे अंक, एक वसंत-उन्हाळ्याचा, दुसरा शरद-हिवाळ्याचा. १९७६ मध्ये तो बंद पडेपर्यंत मैदानातल्या घरांची खरेदी याच दोन अंकांच्या तालावर चाले. १९२२ मध्ये हडसन्स बे कंपनीने सस्काटूनमधले केर्न्स यांचे मोठे दुकान घेतले, १९२८ मध्ये ईटन्सचे दुकान उघडले. ऋतूनुसार माल बदलण्याची सवय या पेढ्यांनी लावली, असे म्हणता येते आणि त्यात तथ्य आहे. परंतु कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ देऊ नये. शरदाचा अंक शरदात का निघे? कारण गव्हाची कापणी संपून हातात पैसा यायचा तो तेव्हाच आणि लोकरी कपडे, चुली, दिवे लागायचे तेही तेव्हाच. कंपनीने शेतकऱ्याचे वर्ष बनवले नाही, तिने ते वाचले. सुगंधांचेही तेच आहे. शनेलने १९२६ मध्ये चंदनावर उभा असलेला 'बुआ दे झील' काढला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाने जर्मनीला लाकूड पाठवणे थांबले म्हणून म्हैसूर संस्थानाने स्वतःचा चंदनतेलाचा कारखाना सुरू केला होता. या व्यापाराने सुगंधांना नावे दिली, किमती दिल्या, विक्रीच्या तारखा दिल्या. गरज त्याच्या आधीची. आणि बाजार गेला तरी ती उरते. ज्या कंपनीने साडेतीनशे वर्षे या मुलखातला माल उचलला आणि परतून विकला, त्या हडसन्स बेची सर्व दुकाने १ जून २०२५ पर्यंत बंद झाली. सस्काटूनचा शरद काही थांबला नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरातून येतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. आपल्या परंपरेत सर्वांत थोर लाकूड चंदन आणि चंदन तर थंडावा देणारे, उन्हाळ्याचे. मग लाकडी सुगंध थंडीचा हे म्हणणे पाश्चात्त्यांचे नाही का? उत्तरासाठी जुने ग्रंथ उघडावे लागतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. त्यात ग्रीष्मात चंदनाचा लेप सांगितला आहे. आश्विन-कार्तिकातल्या शरदात, पित्त उसळते तेव्हा, चंदन, वाळा आणि कापूर सांगितले आहेत. हेमंतात मात्र चंदन मागे पडते. तिथे कस्तुरी आणि केशराचा लेप आहे, अगरूचा धूप आहे. अगरू म्हणजे ऊद, तेही लाकूडच. म्हणजे आपल्या शास्त्राने लाकडांचे दोन वर्ग केले, निववणारे आणि ऊब देणारे, आणि ऋतू पालटला की एका लाकडाकडून दुसऱ्याकडे जायला सांगितले. ही केवळ वैद्यांची मते नव्हेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता, त्याने सुमारे ११२९ मध्ये रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या भोगांमध्ये ऋतूंनुसार विलेपने सांगितली आहेत. आणि ही विद्या मराठीतही होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे सुगंधशास्त्राचे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. त्यांतल्या 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते छापले. कोणीतरी मराठी माणूस काही शतकांपूर्वी अत्तरे आणि धूप कसे करावेत हे आपल्या बोलीत समजावत बसला होता. ऋतू पाहून लाकूड निवडणे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही, ते आपण विसरलो आहोत एवढेच.

या वर्गीकरणाला पदार्थविज्ञानाचाही आधार मिळतो. लिंबाच्या सालीतली द्रव्ये हलक्या रेणूंची, झटकन उडून जाणारी. चंदनातले सँटॅलॉल, सीडरमधले सीड्रॉल यांचे रेणू जड, ते सावकाश उडतात. हवा तापली की जड सुगंधही वेगाने पसरतो आणि कोंदट वाटतो, हवा गार झाली की हलका सुगंध क्षीण होतो आणि जड सुगंध अंगालगत, शांतपणे दरवळत राहतो. सस्काटूनला हवा कोरडी, त्यात हिवाळ्यात घरे तापवलेली, त्वचा शुष्क. अशा त्वचेवर सुगंध टिकायचा तर खाली तेलाचा आधार हवा, म्हणजेच आपले अभ्यंग. तिथल्या मराठी घरांची अडचणही यावरूनच समजते. दिवाळी येते आश्विन-कार्तिकात. आपले उटणे चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांचे, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाने तापलेल्या देशावरच्या शरदासाठी जुळवलेले. सस्काटूनमध्ये मात्र सप्टेंबरच्या मध्यावरच दहिवर गोठू लागते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे बाहेर आपल्या पौषातही पडत नाही अशी थंडी असते. पंचांगाने शरद, हवेने हेमंताच्याही पुढची पायरी. उटणे लावावेच, तो सणाचा संस्कार आहे. पण त्यानंतरच्या दिवसांसाठी वाग्भटाचा हेमंताचा नियम लागू करणे हेच त्याच्या शास्त्राला धरून होईल.

तिसरा आक्षेप नीतीचा. कॅनडातल्या अनेक रुग्णालयांत, शाळांत आणि कचेऱ्यांत सुगंध लावून येऊ नये असा नियम असतो, कारण दमा किंवा अर्धशिशी असलेल्यांना त्रास होतो. शिवाय अलीकडच्या उन्हाळ्यांत उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर सस्काटूनवर उतरतो. २९ मे २०२५ रोजी सस्कॅचेवानने वणव्यांमुळे प्रांतभर आणीबाणी जाहीर केली, हजारो माणसांना घरे सोडावी लागली आणि त्यांत मूळनिवासी वस्त्या फार होत्या. जिथे धूर म्हणजे उठून पळणे, तिथे धुरकट लाकडी सुगंधाचे कौतुक कसे करावे? आणि सेज, स्वीटग्रास यांसारखी पवित्र औषधे चैनीच्या बाटल्यांत कोंबणे शोभते का? हे प्रश्न मी बाजूला सारू इच्छीत नाही. माझे उत्तर असे की हे आक्षेप सुगंधाच्या प्रमाणाला आणि वृत्तीला लागू होतात, ऋतूनुसार लाकूड निवडण्याच्या चालीला लागू होत नाहीत. उलट या चालीत मूळचाच संयम आहे. अष्टांगहृदयातला लेप स्वतःच्या अंगापुरता आहे, धुरी ज्याला हवी त्याने हातांनी ओढून घ्यायची आहे. दालनभर घमघमाट करणारी फवारणी या दोन्ही परंपरांच्या बाहेरची. पवित्र वनस्पतींबद्दल तर मत स्पष्ट असावे: ज्यांचे विधी १८९५ मध्ये कायद्याने गुन्हा ठरवले त्यांच्या परवानगीवाचून या वनस्पतींचा व्यापार करू नये आणि तो माल घेऊही नये.

तेव्हा सस्काटूनमध्ये, किंवा तशा कोणत्याही थंड मुलखात, उन्हाळ्याकडून शरदाकडे जाताना सुगंध निवडायचा असेल तर दुकानाच्या तक्त्यापेक्षा हवेकडे आणि पूर्वजांकडे पाहावे. सप्टेंबरच्या उबदार दुपारी अजून चंदन आणि वाळ्याच्या असतात. दहिवर पडू लागले की देवदार किंवा सीडर घ्यावे, बर्फ टिकू लागला की अगरू, थोडे केशर, अंगाला आधी तेल लावून. खऱ्या चंदनाला गाभा धरायला दशके लागतात आणि ते झाड जगभर विरळ होत चालले आहे, म्हणून थेंबभरच घ्यावे आणि ज्याचे लाकूड कुठून आले हे विक्रेता सांगू शकत नाही ते घेऊ नये. रुग्णालयात, शाळेत जाताना काहीच लावू नये. आणि शरदात एकदा नदीकाठच्या बाल्सम पॉप्लरची कळी चुरडून तिचा वास जरूर घ्यावा, शक्य असेल तर अंगणात एखादे झाडही लावावे. या शहरात लाकडाचा सुवास आहे तो आधीच्या माणसांनी जपला आणि लावला म्हणून. पुढच्यांना तो मिळावा ही जबाबदारी आता तिथे राहणाऱ्या सगळ्यांची, त्यात मराठी घरांचीही आहे.